सापळ्यातील पतंग : योगायोग किती, प्रादुर्भाव किती?

हरभरा हे आपल्याकडील रब्बी हंगामातील महत्त्वाचे कडधान्य पीक असून घाटे अळी ही त्यावरील सर्वांत नुकसानकारक कीड आहे. पीक फुलोऱ्यात आल्यापासून घाटे भरेपर्यंत या किडीवर नजर ठेवावी लागते. त्यासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे, पिकाच्या उंचीपेक्षा सुमारे एक फूट वर, लावण्याची शिफारस आहे. सापळ्यातील आमिषगोळीच्या, म्हणजेच ल्यूरच्या, वासाने नर पतंग आत येऊन अडकतात. दररोज सकाळी ते मोजावेत आणि प्रति सापळा ८ ते १० पतंग सतत २ ते ३ दिवस आढळून आल्यास नियंत्रणाचे उपाय योजावेत, असे सांगितले जाते. ही शिफारस बहुतेक शेतकरी बंधूंना माहीत आहे. अडचण येते ती रोजचा आकडा वाचताना.

शेतकरी मेळाव्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, परवा एक पतंग होता, काल एकच होता, आज एकदम सहा आले. एकाचे सहा झाले, आता फवारणी घ्यायची का?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पोखरलेले घाटे असतात, त्यामुळे त्याची घाई समजण्यासारखी आहे. पण विनाकारण केलेल्या फवारणीत औषधाचे आणि मजुरीचे पैसे जातात, शिवाय अळीवर जगणारे मित्रकीटकही मरतात. उलट 'होतं असं कधी कधी' म्हणून सोडून दिले आणि ती खरोखरच किडीची लाट असेल, तर आठवडाभरात पीक हातचे जाते. तेव्हा एकाचे सहा होणे म्हणजे नेमके काय, हे ठरविण्याची काहीतरी कसोटी हवी. ती घरच्या ओसरीवर, दोन फासे आणि एक वही घेऊन, स्वतःच तयार करता येते. तीच या लेखात सांगितली आहे.

फाशांचा प्रयोग

एका कागदावर सहा ओळी आणि सहा स्तंभ आखून ३६ घरे करावीत. ल्युडोचे दोन फासे घ्यावेत, एक लाल आणि एक पांढरा. लाल फाशावर येईल ती ओळ आणि पांढऱ्यावर येईल तो स्तंभ. दोन्ही फासे टाकावेत आणि जे घर येईल त्यात एक टिंब द्यावे. असे १०८ वेळा करावे. काम कंटाळवाणे वाटले तर मुलांना द्यावे, ती आनंदाने करतात.

१०८ टिंबे आणि ३६ घरे, म्हणजे घरटी सरासरी ३ टिंबे झाली. फाशाला कोणतेही घर लाडके नाही, प्रत्येक घराला सारखीच संधी आहे. तरीही प्रत्येक घरात ३ टिंबे पडलेली कधीच दिसणार नाहीत. साधारणपणे दोनएक घरे कोरी राहतील, पाच-सहा घरांत एकेकच टिंब असेल आणि तीनएक घरांत ६ किंवा त्याहून जास्त टिंबे साचलेली असतील. प्रयोग पुन्हा केला तर आकडे थोडे बदलतील, पण ठेवण हीच राहील.

आता या ३६ घरांना ३६ रात्री समजावे आणि टिंबांना पतंग. शेतात काहीही बदललेले नसताना, किडीची संख्या तीच असताना, ३६ रात्रींपैकी तीनएक रात्री सापळ्यात ६ किंवा जास्त पतंग सापडणारच. त्या रात्रीच्या आधी एखादी एक पतंगाची रात्र आली की 'एकाचे सहा' झाले. ही वाढ किडीची नव्हे, निव्वळ योगायोगाची आहे.

आकड्यांमागील नियम

फाशांनी जी ठेवण दाखविली तिचा नियम फ्रेंच गणिती सिमेओं देनी प्वासाँ यांनी १८३७ साली आपल्या ग्रंथात मांडला. म्हणून त्यास प्वासाँ वितरण म्हणतात. घटना घडण्याच्या संधी पुष्कळ असाव्यात, प्रत्येक संधीत ती घडण्याची शक्यता थोडी असावी, एक घटना दुसरीला ओढून आणणारी नसावी आणि सरासरी बदलत नसावी. एवढ्या अटी पाळल्या गेल्या की किती वेळा शून्य, किती वेळा एक, किती वेळा दोन येतील हे केवळ सरासरीवरून सांगता येते. सापळ्याभोवती शेकडो पतंग उडत असतात. त्यांतील प्रत्येक पतंग त्या रात्री त्याच सापळ्यात शिरण्याची शक्यता फार थोडी असते. त्यामुळे सापळ्याचा आकडा या नियमाच्या बराच जवळ जातो.

या नियमाचे गाजलेले उदाहरण शेतीतील नाही, घोड्यांच्या पागेतील आहे. लाडिस्लाउस बोर्टकिएविच यांनी १८९८ साली प्रशियाच्या सैन्यातील १० तुकड्यांची २० वर्षांची नोंद तपासली. घोड्याच्या लाथेने दर वर्षी किती सैनिक दगावले, हे पाहायचे होते. २०० नोंदींत एकूण १२२ मृत्यू होते. एकही मृत्यू नाही अशा १०९ नोंदी, एक मृत्यू ६५, दोन २२, तीन ३ आणि चार १. नियमानुसार येणारे आकडे १०९, ६६, २०, ४ आणि १ असे होते. एखाद्या तुकडीत एका वर्षी चार जण दगावले म्हणजे तेथील घोडे माजले, असा अर्थ काढण्याचे कारण नव्हते.

गणित अवघड नाही. आपली सरासरी ३ धरू. शून्य पतंगाची शक्यता ०.०५० असते. यापुढील प्रत्येक शक्यता आधीच्या शक्यतेवरून काढावी : सरासरीने गुणावे आणि जितक्या पतंगांची शक्यता हवी त्या संख्येने भागावे. म्हणजे एका पतंगासाठी ०.०५० ला ३ ने गुणून १ ने भागले की ०.१५० (बारीक हिशेबाने ०.१४९). दोनासाठी त्याला ३ ने गुणून २ ने भागले की ०.२२४. तिनासाठी ३ ने गुणून ३ ने भागायचे, म्हणून तेच ०.२२४. चारासाठी ०.१६८, पाचासाठी ०.१०१, सहासाठी ०.०५०, सातासाठी ०.०२२. साधा गणकयंत्र पुरतो. सुरुवातीची शून्याची शक्यता मात्र ठाऊक असावी लागते. ती सरासरी १ असल्यास ०.३६८, २ असल्यास ०.१३५, ३ असल्यास ०.०५०, ४ असल्यास ०.०१८ आणि ५ असल्यास ०.००७ अशी आहे.

यातील पहिल्याच आकड्याकडे लक्ष द्यावे. सरासरी रात्रीला १ पतंग असेल, तर १०० पैकी ३७ रात्री सापळा रिकामा असतो. सलग दोन दिवस सापळा रिकामा मिळाला म्हणून 'आपल्याकडे कीडच नाही' असे सांगणारे शेतकरी भेटतात. तो आनंद घाईचा आहे.

लुटुपुटूची मोजणी

फाशांनी फक्त ३६ घरे होतात आणि सरासरी बदलायची म्हटली की टिंबांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. त्यापेक्षा सोपी रीत अशी आहे की वरील शक्यतांची बेरीज करीत जावे आणि ०० ते ९९ या शंभर अंकांची त्या प्रमाणात वाटणी करावी. संख्याशास्त्रात यास सदृशीकरण म्हणतात. आपण त्यास लुटुपुटूची मोजणी म्हणू. सरासरी ३ साठी वाटणी पुढीलप्रमाणे होते.

०० ते ०४ : ० पतंग
०५ ते १९ : १ पतंग
२० ते ४१ : २ पतंग
४२ ते ६४ : ३ पतंग
६५ ते ८१ : ४ पतंग
८२ ते ९१ : ५ पतंग
९२ ते ९६ : ६ पतंग
९७ व ९८ : ७ पतंग
९९ : ८ किंवा जास्त पतंग

आता दोन अंकी यादृच्छिक संख्या हव्यात, म्हणजे ज्यांत कोणताही क्रम किंवा पक्षपात नाही अशा. ० ते ९ लिहिलेल्या दहा चिठ्ठ्या डब्यात टाकून दोनदा चिठ्ठी काढावी, मात्र पहिली चिठ्ठी परत डब्यात टाकूनच दुसरी काढावी. चाकणच्या चौकात वाहनांच्या कोंडीत अडकलेल्यांना आणखी एक साधन फुकट मिळते. समोरच्या गाड्यांच्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक लिहून घेतले तरी चालते. हौसेचे, पैसे मोजून घेतलेले क्रमांक तेवढे सोडून द्यावेत.

येथे आपण सर्वांना पडताळता येतील असे अंक घेऊ. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर, म्हणजे शाळेत शिकलेला 'पाय', ३.१४१५९२६५... असा न संपणारा आहे. त्याचे दशांश चिन्हापुढील अंक दोन-दोन करून घेतले की १४, १५, ९२, ६५, ३५, ८९, ७९, ३२, ३८, ४६, २६, ४३, ३८, ३२ अशा चौदा संख्या मिळतात. (शाळेतील २२/७ मात्र घेऊ नये. त्यात १४२८५७ हेच सहा अंक पुन्हा पुन्हा येतात.) वरील वाटणीप्रमाणे १४ म्हणजे १ पतंग, १५ म्हणजे १, ९२ म्हणजे ६. अशा रीतीने चौदा रात्रींची मोजणी ही मिळते :

१, १, ६, ४, २, ५, ४, २, २, ३, २, ३, २, २.

पहिल्या दोन रात्री एकेक आणि तिसऱ्या रात्री सहा! मेळाव्यात प्रश्न विचारणाऱ्या शेतकऱ्याचीच ही वही आहे. फरक इतकाच की येथे शेत नाही, पीक नाही आणि पतंगही नाही. तिसऱ्या दिवशी फवारणी केली असती, तर पुढे ४, २, ५, ४, २, २ असे उतरते आकडे पाहून 'औषधाचा गुण आला' असेही म्हटले गेले असते. औषधविक्रेत्याने शेजाऱ्यालाही तेच औषध दिले असते. गुण मात्र कोणाचाच नव्हता. पुढील ११ जोड्या घेऊन हा हिशेब पंचवीस रात्रींपर्यंत नेला, तर एकूण पतंग ७५ होतात, म्हणजे सरासरी बरोबर ३. ती कुठेही वाढलेली नाही.

अशी लुटुपुटूची मोजणी दोन-तीनशे रात्रींची करून पाहावी. नजर एकदा या चढउताराला सरावली की खऱ्या सापळ्यापुढे मन डगमगत नाही.

'सतत' या शब्दाचे मोल

शिफारशीत '८ ते १० पतंग' हे आकडे सर्वांच्या लक्षात राहतात, 'सतत २ ते ३ दिवस' हे शब्द विसरले जातात. खरी राखण हेच शब्द करतात. सरासरी ३ असताना केवळ योगायोगाने एका रात्री ८ किंवा जास्त पतंग येण्याची शक्यता सुमारे १०० त १ आहे. पाच सापळे महिनाभर, म्हणजे १५० मोजण्या, तेव्हा एवढी घटना एक-दोनदा घडणारच. तेवढ्यावर फवारणी केली, तर ती फुकट जाईल. परंतु एकाच सापळ्यात लागोपाठ दोन रात्री ८ किंवा जास्त येणे हे, त्या रात्रींचा एकमेकींशी संबंध नसेल तर, सुमारे ७,००० त एकदा घडते. तीन रात्रींचे तर बोलायलाच नको. म्हणून लागोपाठ दोन-तीन दिवस ८-१० पतंग दिसले की योगायोगाचा विचार बाजूला ठेवावा.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. हे गणित आपली नेहमीची सरासरी ३ असेल तरच लागू पडते. ती ७ वर गेलेली असेल, तर दहापैकी चार रात्री ८ किंवा त्याहून जास्त पतंग येतील. तेथे योगायोगाचा प्रश्नच उरत नाही, सरासरीच धोक्याच्या उंबरठ्यावर आली आहे.

कारखान्यातील तक्ता शेतात

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९९९ मध्ये चाकणला बजाज ऑटोचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. म्हाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांच्या शिवारात शेड उभ्या राहिल्या. आज खेड आणि मावळ तालुक्यांत अशी पुष्कळ घरे आहेत जेथे एक भाऊ शेती पाहतो आणि दुसरा शिफ्टला जातो. शिफ्टला जाणाऱ्या भावाला वरील गणित कदाचित वेगळ्या नावाने माहीत असेल. सुट्या भागांवरील रंगाचे डाग, ओरखडे, वेल्डिंगमधील छिद्रे मोजून ती ज्या तक्त्यावर मांडतात, त्यास तेथे सी-चार्ट म्हणतात. असे नियंत्रण तक्ते अमेरिकेतील वॉल्टर शेवार्ट यांनी १९२४ साली प्रथम मांडले. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेने बोलाविल्यावरून शेवार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊनही गेले होते.

सी-चार्टचा पाया प्वासाँ वितरण हाच आहे. या वितरणात चढउताराचे माप (प्रमाण विचलन) सरासरीच्या वर्गमुळाइतके असते. म्हणून वरची मर्यादा अशी काढतात : सरासरी, अधिक तिच्या वर्गमुळाची तिप्पट. सरासरी ३, तिचे वर्गमूळ १.७३, त्याची तिप्पट ५.२, म्हणून मर्यादा ८.२. म्हणजे ८ पतंगांपर्यंतचा आकडा योगायोगात मोडू शकतो, ९ वा त्याहून जास्त आल्यास काहीतरी बदलले असे समजावे. योगायोगाने ९ किंवा जास्त येणे सुमारे २६० रात्रींतून एकदाच घडते.

ही मर्यादा शिफारशीतील ८-१० च्या जवळ आली, हा मात्र योगायोगच आहे. दोन्ही आकड्यांची कामे वेगळी आहेत. शिफारशीतील पातळी पिकाचे नुकसान आणि नियंत्रणाचा खर्च यांवरून ठरलेली असते. तक्त्याची मर्यादा फक्त बदल झाला की नाही एवढेच सांगते. एखाद्या शेतात नेहमीची सरासरी १ असेल, तर तेथील मर्यादा १ अधिक ३, म्हणजे ४ येते. तेथे एका रात्री ५ पतंग आले, तर लगेच पंप पाठीवर घेऊ नये. पिकात उतरावे, पाच-सहा ठिकाणी एक मीटर ओळीतील झाडे तपासावीत. मीटरभर ओळीत १ ते २ अळ्या आढळल्या तरच उपाय योजावेत, आणि त्यातही निंबोळी अर्क किंवा घाटे अळीचा विषाणू (एचएएनपीव्ही) यांना आधी संधी द्यावी.

सरासरी कोणती धरावी, हा पुढचा प्रश्न. ती पुस्तकातून घेऊ नये, आपल्या शेताची काढावी. सापळे लावल्यापासून फुलोऱ्यापर्यंतच्या शांत काळात पाच सापळ्यांच्या दहा रात्रींच्या मोजण्या घेतल्या की ५० आकडे मिळतात. त्यांची सरासरी ३ आली, तर खरी सरासरी बहुधा अडीच ते साडेतीनच्या दरम्यान असते. एकाच सापळ्याच्या पाच रात्रींवरून काढलेली ३ ही सरासरी मात्र दीड असू शकते, तशीच साडेचारही असू शकते. अशा सरासरीवर तक्ता उभारणे म्हणजे वाळूवर विहीर बांधणे होय.

पाच सापळ्यांची बेरीज

हेक्टरी पाच सापळे कशाला, एक पुरे नाही का, असे विचारले जाते. एक सापळा शेताचा एकच कोपरा पाहतो, हे एक कारण झाले. दुसरे कारण बेरजेत आहे. एका सापळ्यात ३ चे ६ होणे दर बारा रात्रींत एकदा योगायोगाने घडते, त्याचा काही अर्थ लावता येत नाही. पण पाच सापळ्यांच्या बेरजेत १५ चे ३० होणे हजार रात्रींतही योगायोगाने घडत नाही. दोन्ही ठिकाणी वाढ दुप्पटच आहे. बेरजेची मर्यादा १५ अधिक वर्गमूळ ३.८७ ची तिप्पट, म्हणजे सुमारे २६ येते. म्हणून वहीत प्रत्येक सापळ्याचा आकडा वेगळा लिहावा आणि शेवटच्या रकान्यात पाचांची बेरीज मांडावी.

एकच सापळा वाढला आणि बाकीचे चार जागच्या जागी असतील, तर त्या सापळ्याजवळ काही आहे का ते पाहावे. रस्त्यावरचा दिवा, शेजारचा टोमॅटोचा प्लॉट, असे काही कारण सापडते. पाचही एकदम वाढले, तर किडीची लाट किंवा हवामानातील बदल यांपैकी काहीतरी आहे. वारा, पाऊस, चांदणे यांचा पतंगांच्या उडण्यावर परिणाम होतो, म्हणून वहीत त्या रात्रीच्या हवामानाचा एक शब्द जरूर लिहावा.

शिफ्टमुळे काहींना सापळे फक्त रविवारी पाहणे जमते. त्यांनी पुढील हिशेब लक्षात घ्यावा. रात्रीची सरासरी ३, म्हणून एका सापळ्याची आठवड्याची सरासरी २१ आणि वरची मर्यादा सुमारे ३४. समजा सोमवार ते शुक्रवार रोज ३ पतंग आले आणि शेवटच्या दोन रात्री ९-९ आले. एकूण ३३ झाले. आठवड्याचा आकडा मर्यादेच्या आत आहे, रविवारी सापळा रिकामा करणारा माणूस निर्धास्त होतो, आणि प्रत्यक्षात उपाययोजनेची पातळी दोन रात्री ओलांडली गेली आहे! पुढील रविवारपर्यंत अंड्यांतून अळ्या बाहेर पडून कामाला लागलेल्या असतील. तेव्हा रोजची मोजणी चुकवू नये. घरातील कोणीही, सकाळी गोठ्यावर जाताना, पाच सापळे पाहून आकडे लिहू शकते. आईने किंवा सूनबाईंनी फळीवर खडूने आकडे लिहिले आणि रविवारी ते वहीत उतरवले, तरी चालेल.

जेथे हा नियम चालत नाही

एक घटना दुसरीला ओढून आणणारी नसावी, ही अट वर सांगितली आहे. ती मोडली की नियमही मोडतो. चाकणच्या चौकातून मिनिटाला किती गाड्या सुटतात ते मोजून पाहावे. सिग्नल लाल असताना शून्य, सुटला की झुंडच. तेथे प्वासाँ वितरण लागू पडत नाही. कांद्यावरील फुलकिडे आणि बटाट्यावरील मावा यांचे असेच आहे. मावा जेथे बसतो तेथेच पिल्ले घालतो, म्हणून काही झाडे लदबदलेली आणि शेजारची स्वच्छ असतात.

हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. समजा दोन प्लॉटमध्ये दहा-दहा झाडे तपासली. पहिल्यात ३, २, ५, १, ४, ३, ०, ६, २, ४ किडी मिळाल्या. दुसऱ्यात ०, ०, १४, १, ०, ०, ११, ३, ०, १ मिळाल्या. दोन्हींची सरासरी ३ आहे. आता प्रत्येक आकड्याचा सरासरीपासूनचा फरक काढून त्याचा वर्ग करावा, सर्व वर्गांची बेरीज करून ९ ने (झाडांच्या संख्येपेक्षा एकाने कमी) भागावे. यास विचरण म्हणतात. पहिल्या प्लॉटचे विचरण ३.३ येते, म्हणजे जवळजवळ सरासरीइतकेच. तेथे वरील नियम चालेल. दुसऱ्याचे २६.४ येते, सरासरीच्या जवळजवळ नऊपट. तेथे कीड पुंजक्यांनी आहे.

पुंजक्यांची लुटुपुटूची मोजणीही करता येते, फक्त ती दोन पायऱ्यांची असते. आधी झाडावर किती पुंजके हे ठरवावे. सरासरी १ पुंजका धरल्यास ०० ते ३६ ला शून्य, ३७ ते ७३ ला एक, ७४ ते ९१ ला दोन, ९२ ते ९७ ला तीन, ९८ व ९९ ला चार अशी वाटणी होते. मग प्रत्येक पुंजक्यासाठी फासा टाकावा, जो आकडा पडेल तितक्या किडी. झाडामागे सरासरी साडेतीन किडी येतात, पण १०० पैकी ३७ झाडे कोरी असतात आणि विचरण सरासरीच्या चौपटीहून जास्त असते. अशा शेतात बांधाकडेची पाच झाडे पाहून निर्णय घेणारा हमखास फसतो. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने फुलकिड्यांसाठी प्रति झाड ३० ही आर्थिक नुकसान पातळी सांगितली आहे. तेथेही ही सरासरी शेतभर विखुरलेल्या, न निवडता घेतलेल्या झाडांवरून काढली पाहिजे.

न निवडता घेणे हे बोलायला सोपे असते. माणूस शेतात शिरला की त्याचे पाय पिवळ्या पडलेल्या झाडाकडे वळतात. म्हणून ओळ कितवी आणि ओळीतील पाऊल कितवे, हेही चिठ्ठ्या काढून ठरवावे. पीक कापणी प्रयोगात कापणीचा प्लॉट यादृच्छिक अंकांवरून ठरवतात तो याच कारणासाठी. आपल्या देशात ही रीत रुजविण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी आणि डॉ. वि. गो. पानसे यांनी मिळून लिहिलेला कृषी संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला. शेतीशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या त्यावर शिकल्या.

सापळ्याच्या तक्त्यात वरच्या मर्यादेइतकीच खालची मर्यादाही उपयोगी आहे. एका सापळ्यासाठी ती निघत नाही, कारण ३ मधून ५.२ वजा जात नाहीत. पण पाचांच्या बेरजेसाठी १५ वजा ११.६, म्हणजे ३.४ येते. पाचही सापळ्यांत मिळून तीन किंवा त्याहून कमी पतंग आले, तर कीड गेली म्हणून खुश होऊ नये. आधी आमिषगोळी बसविल्याची तारीख पाहावी. वेष्टनावर दिलेली मुदत संपली असेल, तर गोळी बदलावी. बदलताना हाताला तंबाखू किंवा औषधाचा वास नसावा, जुनी गोळी शेतात टाकू नये, आणि नव्या गोळीची तारीख वहीच्या त्याच पानावर लाल शाईने लिहावी.